तिचा युक्तिवाद कसा वाचावा

ताराबाई शिंदे कोण, असं विचारलं की उत्तर लगेच येतं: 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या, साल १८८२. मग मी विचारते, त्यांचं म्हणणं नेमकं काय होतं? इथे गाडी अडते. "त्यांनी स्त्रियांवरच्या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला," एवढं सांगून बहुतेक जण थांबतात. हाच प्रश्न अठराव्या शतकातला विचारवंत रूसो याच्याबद्दल विचारा. त्याने अन्यायाविरुद्ध आवाज उठवला असं सांगून कोणी गप्प बसणार नाही. सामाजिक करार, सामूहिक इच्छा, निदान या दोन गोष्टी तरी कानावर येतील.

राजकीय विचार हा विषय मी अनेक वर्षं शिकवते आहे. विस्मरणात गेलेल्या विचारवंत स्त्रियांची नावं हल्ली पुष्कळ घेतली जातात, जयंतीला त्यांचे फोटो फिरतात, पाठ्यपुस्तकात एखादी चौकट येते. गळतो तो त्यांचा युक्तिवाद. तो परत मिळवायचा तर वाचण्याची थोडी शिस्त लागते. वर्गात आणि वाचनगटांत जी पद्धत माझ्या उपयोगी पडली ती इथे लिहिते आहे. विद्यार्थी, शिक्षक, किंवा नुसतं कुतूहल असलेला कोणीही ती वापरू शकतो. राज्यशास्त्राची पदवी लागत नाही. पेन्सिल मात्र लागते.

आधी मजकूर, मग चरित्र

हा नियम मी सक्तीने पाळायला लावते. स्त्री लेखिकेचं चरित्र आधी वाचलं की पुढचं सगळं त्या चरित्राचा पुरावा म्हणून वाचलं जातं. तिने काय सोसलं, कोणाशी लग्न केलं, कोणी छळलं, यात मन इतकं गुंततं की तिचं वाक्य खरं की खोटं हा प्रश्नच उरत नाही.

कॅथरिन मॅकॉली या इंग्रज इतिहासकार बाईंचं उदाहरण घ्या. १७६३ ते १७८३ या वीस वर्षांत त्यांनी इंग्लंडच्या इतिहासाचे आठ खंड लिहिले, तेही प्रजासत्ताकवादी बाजूने. १७७८ मध्ये त्यांनी आपल्यापेक्षा सव्वीस वर्षांनी लहान असलेल्या माणसाशी दुसरं लग्न केलं, आणि त्यानंतर लोक आठ खंडांपेक्षा त्या लग्नाबद्दलच जास्त बोलू लागले. आजही त्यांच्यावरच्या कित्येक परिचयांत लग्नाचा परिच्छेद विचारांच्या परिच्छेदापेक्षा मोठा असतो.

आता त्यांचा विचार बघा. १७९० मध्ये ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्कने फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करताना म्हटलं, की इंग्रजांचे हक्क वाडवडिलांकडून वारशाने आले आहेत आणि म्हणूनच ते भक्कम आहेत. मॅकॉलींनी त्याच वर्षी उत्तर दिलं. इंग्रज माणसाच्या या जन्मसिद्ध हक्काच्या बढाईत त्यांना दोन दोष दिसले. एक, ती उद्धट आहे, कारण बाकीच्या मानवजातीला ती त्या हक्कातून वगळते. दोन, तिचा पाया भिकारी आहे, कारण आमचं स्वातंत्र्य म्हणजे कुठल्यातरी राजाने आमच्या पूर्वजांवर केलेली मेहेरबानी, असं ती कबूल करते. मेहेरबानीने मिळालेलं मागे घेता येतं. हक्क माणूस म्हणून असेल तरच तो हक्क. बर्कवर शेकडो पानं वाचलेल्या माणसालाही हे उत्तर माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर काही शब्दांवर बंदी घाला: पहिली, धाडसी, बंडखोर, काळाच्या पुढे. टिपण लिहून झालं की हे शब्द खोडा आणि काय उरतं ते बघा. काहीच उरलं नाही, तर विचार अजून वाचलेलाच नाही. 'काळाच्या पुढे' या शब्दांवर माझा विशेष राग आहे. या स्त्रिया आपल्याच काळातल्या, आपल्याच समोरच्या माणसांशी भांडत होत्या. त्यांना काळाच्या पुढे ढकललं की ते भांडण ऐकू येत नाही.

समोर कोण आहे ते शोधा

मजकूर हातात आला की पहिला प्रश्न: ही कोणाला उत्तर देते आहे? बहुतेक वेळा ती एका ठरावीक दाव्याला उत्तर देत असते. तो दावा सापडला की अर्धं वाचन झालं.

ताराबाईंच्या समोर काय होतं? १८८१ मध्ये सुरतच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर खटला चालला. आपल्या नवजात बाळाची हत्या केल्याबद्दल तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. या निमित्ताने वृत्तपत्रांत एकूण स्त्रीजातीच्याच स्वैरपणावर लिहिलं जाऊ लागलं. 'पुणे वैभव' त्यात पुढे होतं. ताराबाईंनी याला उत्तर दिलं. स्त्रियांच्या अंगी म्हणून जे जे दुर्गुण सांगितले जातात ते एकेक उचलायचे आणि प्रत्येकाला विचारायचं, हा पुरुषात नाही काय? असेल तर किती? एखादा दोष दोघांत सारखाच असेल, तर शिक्षा एकालाच का? बायको मेली की दुसरी आणणाऱ्याला जो नियम लागत नाही तो विधवेला कुठून लागतो? आणि हे नियम लिहिताना लेखणी कोणाच्या हातात होती? शास्त्रकारांना त्या सोडत नाहीत, तसंच सभांतून सुधारणेची भाषणं देऊन घरी काहीच न करणाऱ्यांनाही सोडत नाहीत. नुसता संताप म्हणून हे पुस्तक वाचणाऱ्याला त्यातली ही पायरी-पायरीची रचना दिसत नाही. जोतीराव फुल्यांना ती दिसली. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये ते ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर पुस्तक इतकं मागे पडलं की १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता.

समोरचा दावा छापील असेल तर दोन्ही मजकूर शेजारी ठेवा. यासाठी फ्रेंच लेखिका ऑलिंप द गूज हिच्यासारखं दुसरं उदाहरण नाही. १७८९ चा फ्रेंच मानवी हक्कांचा जाहीरनामा सतरा कलमांचा. गूजने १७९१ मध्ये स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला, तोही सतराच कलमांचा, त्याच क्रमाने. दोन्हींचे अनुवाद छापून घ्या आणि जिथे जिथे तिने फरक केला आहे तिथे तिथे रेघ मारा. सुरुवातीला वाटेल की पुरुषाच्या जागी स्त्री एवढंच केलंय. दहाव्या कलमाशी थांबा. मूळ कलम म्हणतं की मतांबद्दल कोणाला त्रास होता कामा नये. गूज तिथे लिहिते, की स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे. म्हणजे राज्य तिला शिक्षा देण्यापुरतं नागरिक मानतं, बोलण्यापुरतं नाही. ही विसंगती तिने एका वाक्यात पकडली.

अकरावं कलम मला त्याहून मोलाचं वाटतं. मूळ कलम विचारांच्या मुक्त देवाणघेवाणीचं आहे. गूज हे स्वातंत्र्य कुठे नेऊन लावते? स्त्रीला उघडपणे सांगता आलं पाहिजे, की या मुलाची मी आई आहे आणि बाप तुम्ही आहात. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छापखाना आणि सभा येते. तिच्या डोळ्यांसमोर अविवाहित आई आली. जे बोललं तर बाईची अब्रू जाते आणि न बोललं तर पुरुषाची मालमत्ता वाचते, ते बोलण्याचं स्वातंत्र्य तिला हवं होतं. हक्क तोच, पण त्याचा भार कोणावर पडतो ते बदललं. वर्गात या एका कलमावर अख्खा तास जातो आणि मी तो जाऊ देते.

विचार कुठे दडलेला असतो

ज्यांना विद्यापीठात शिरायला मिळत नव्हतं त्यांनी ग्रंथ लिहावेत कुठे आणि छापावेत कोणी? म्हणून या स्त्रियांचा विचार प्रस्तावनांत, अनुवादांच्या शेपटीला, प्रवासवर्णनांत, गोष्टींत, पुस्तिकांत सापडतो. 'राजकीय तत्त्वज्ञान' असं कपाळावर लिहिलेलं पुस्तक शोधत बसाल तर हात रिकामेच राहतील.

सोफी द ग्रुशी या फ्रेंच बाईने अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथच्या नैतिक भावनांवरच्या ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद केला आणि १७९८ मध्ये तो छापताना सहानुभूतीवरची स्वतःची आठ पत्रं त्याला जोडली. अनुवाद नावाजला गेला, पत्रांकडे कोणी फारसं पाहिलं नाही, आणि ती तत्त्वज्ञ काँडोर्सेची पत्नी म्हणूनच ओळखली गेली. त्या पत्रांत ती स्मिथशी वाद घालते. सहानुभूती येते कुठून, याचं त्याचं उत्तर तिला पुरेसं वाटत नाही. ती थेट पाळण्याशी जाते. तान्हं मूल सांभाळणाऱ्या माणसावर पूर्ण अवलंबून असतं, सुखदुःखाची पहिली नाती तिथेच जुळतात, आणि दुसऱ्याचं दुःख आपल्याला जाणवतं त्याचं मूळ तिथे आहे. मग ती समाजाकडे वळते: टोकाची विषमता असेल तर ही जाणीव बोथट होते, वाईट कायदे माणसांना अन्यायाची कारणं पुरवतात. न्यायाचा पाया परस्परावलंबन असू शकतो, हे तिथे लिहिलेलं आहे, दुसऱ्याच्या पुस्तकाच्या शेवटी.

बंगालमधल्या लेखिका रुकैया सखावत हुसेन यांनी तोच मार्ग गोष्टीतून काढला. १९०५ मधली त्यांची 'सुलतानाज ड्रीम' ही कल्पित राज्याची कथा गंमत म्हणून वाचली जाते. तिच्यात पुरुष पडद्यात आहेत आणि बायका राज्य चालवतात. पण आत एक प्रश्न आहे. वेड्यांच्या इस्पितळातून वेडे सुटले, तर वेड्यांना मोकळं सोडून शहाण्यांना आत कोंडायचं का? धोका ज्याच्यापासून आहे त्याच्यावर बंधन घालायचं की ज्याला धोका आहे त्याच्यावर? बाईने रात्री बाहेर पडू नये, हे ऐकताना मला दर वेळी ही कथा आठवते. सुरक्षिततेची किंमत कोणी मोजायची, हा राजकीय प्रश्न आहे आणि तो इतका स्वच्छ मांडलेला मी फार थोड्या ठिकाणी वाचला आहे.

इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनो यांनी १८३० च्या दशकात अर्थशास्त्र गोष्टींतून समजावलं, मग अमेरिकेचा प्रवास केला आणि १८३७ मध्ये त्या समाजावर ग्रंथ लिहिला. त्यांची पद्धत साधी आहे: समाजाला परक्या मापाने मोजू नका, त्याने स्वतः जाहीर केलेल्या तत्त्वाने मोजा. शासनाची सत्ता शासितांच्या संमतीने येते असं अमेरिका म्हणते, मग बायकांची आणि गुलामांची संमती कधी घेतली? १८३८ मध्ये समाजाचं निरीक्षण कसं करावं यावरच त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं. लोक स्वतःबद्दल काय सांगतात त्यावर विसंबू नका, त्यांची थडगी, गाणी, तुरुंग बघा, असा त्यातला सल्ला. समाजशास्त्राच्या पद्धतीचे नियम फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केमने १८९५ मध्ये मांडले असं आपण शिकवतो. शिकवावंच, पण त्याआधीची ५७ वर्षं कोरी होती असं नाही.

सहलेखनाच्या बाबतीत आणखी एक युक्ती. हॅरिएट टेलर यांचा स्त्रियांच्या मताधिकारावरचा निबंध १८५१ मध्ये निनावी छापून आला. त्यांचे पती, तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांचं स्त्रियांच्या पराधीनतेवरचं पुस्तक १८६९ चं. कोणाचं काय यावर वाद घालण्यापेक्षा दोघांत मतभेद कुठे आहे ते शोधा. मिलच्या पुस्तकात लग्न करणाऱ्या बाईने बहुतांशी घर हेच आपलं काम निवडलं असं धरलेलं आहे. टेलर यांच्या निबंधात विवाहित स्त्रीलाही, आईलाही सगळे व्यवसाय मोकळे असावेत असा आग्रह आहे. जिथे दोन मजकूर वेगळे होतात तिथे तिचा विचार वेगळा काढता येतो.

शोधताना नावांचा घोळ लक्षात ठेवा. ग्रुशी काँडोर्सेच्या नावाखाली सापडते, अमेरिकन कृष्णवर्णीय पत्रकार आयडा वेल्स 'वेल्स-बार्नेट' म्हणून, राज्यसंस्थाच नको म्हणणारी चिनी अराज्यवादी हे-यिन झेन नुसत्या हे झेन म्हणून. सगळी रूपं टाकून शोधा. प्रताधिकार संपलेलं पुष्कळ साहित्य मोफत मिळतं. वेल्सच्या मुख्य पुस्तिका प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर आहेत.

एक पान, पाच ओळी

वाचून झालं की एका पानावर पाच ओळी लिहा. समोरचा दावा कोणता. तिने मान्य केलेलं गृहीतक कोणतं. पुरावा कोणता. निष्कर्ष काय. आणि पाचवी, मला काय पटलं नाही. पाचवी ओळ रिकामी ठेवायची नाही.

मुक्ताबाई साळवे यांच्या निबंधावर हे करून दाखवते. फुल्यांच्या शाळेतली ही मांग समाजातली मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या दोन अंकांत छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपासची होती. वय बाजूला ठेवा. वयाचं कौतुक सुरू झालं की निबंध बंद होतो.

समोरचा दावा: वेद आमचे, ते पाहण्याचा अधिकार आमचाच. मुक्ताबाई हा दावा खोटा ठरवायला जात नाहीत. त्या तो मान्य करतात. ठीक, वेद तुमचे. मग उघड आहे की आम्हाला धर्मपुस्तक नाही. धर्मपुस्तक नाही तर आम्ही धर्माबाहेरचे. मग तुमच्या धर्माचे नियम आम्हाला कशाच्या आधारावर लावता? आणि त्या सरळ देवालाच विचारतात, की तुझ्याकडून आलेला आमचा धर्म कोणता, तो तरी कळू दे. दावा त्यांचा, निष्कर्ष त्यांना नको असलेला. मधली प्रत्येक पायरी घट्ट.

पुरावा कोणता? पेशवाईतले अत्याचार, जे त्यांच्या माणसांच्या आठवणीत होते. आणि बाळंतपण: डोक्यावर छप्पर नाही, थंडीपावसात मूल जन्माला येतं, त्या बाईला काय होत असेल ते स्वतःच्या अनुभवावरून ओळखा, असं त्या वाचकाला म्हणतात. इथे जातीचा प्रश्न आणि स्त्रीचा प्रश्न एकाच वाक्यात आहेत. हे वेगळे करून शिकवण्याची आपल्याला सवय लागली आहे, त्यांना ते वेगळे दिसलेच नव्हते. निष्कर्ष: ज्ञान हेच औषध, शिका. पाचव्या ओळीत माझ्या एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं, की इंग्रजी राज्याबद्दलचा त्यांचा विश्वास मला फार मोठा वाटतो. उत्तम. वाद सुरू झाला म्हणजे विचारवंत म्हणून वागवणं सुरू झालं.

ही पानं साठत गेली की एक गोष्ट दिसू लागते. मुक्ताबाई, मार्टिनो, गूज आणि १७०० च्या सुमाराची इंग्लंडमधली मेरी ॲस्टेल, यांनी एकमेकींचं वाचलेलं असो वा नसो, चाल एकच आहे: तुमचंच तत्त्व घेते आणि शेवटपर्यंत नेते. ॲस्टेल विचारते, राज्यात अनिर्बंध सत्ता नको म्हणता, मग घरात ती कशी चालते? सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र असतील तर सगळ्या स्त्रिया जन्मतः गुलाम कशा? ज्यांच्याकडे पद नाही, पदवी नाही, त्यांचा स्वतःच्या अधिकारावर दिलेला दाखला कोणी ऐकणार नव्हतं. म्हणून दाखला समोरच्याचाच घ्यायचा.

आयडा वेल्स हिने हे आकड्यांनी केलं. १८९२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात तीन कृष्णवर्णीय पुरुषांना जमावाने ठार मारलं. त्यांचं किराणा दुकान जवळच्या गोऱ्या दुकानदाराशी स्पर्धा करत होतं, आणि त्यातला टॉमस मॉस तिचा मित्र होता. जमावाच्या हत्यांबद्दल सर्वत्र सांगितलं जायचं की या गोऱ्या स्त्रियांवरच्या बलात्काराची शिक्षा आहेत. वेल्स स्वतः पत्रकार. तिने आकडे घेतले ते गोऱ्यांच्या मालकीच्या 'शिकागो ट्रिब्यून'चे, म्हणजे कोणी म्हणू नये की हिने बनवले. त्या आकड्यांनुसार आठ वर्षांतल्या ७२८ बळींपैकी फक्त एकतृतीयांशांवर बलात्काराचा नुसता आरोप तरी होता. बाकीचे कशासाठी मेले? या प्रश्नातून तिचा सिद्धांत येतो: या हत्या म्हणजे संतापाचा स्फोट नव्हेत, वर येऊ पाहणाऱ्या समाजाला मालमत्ता, मत आणि मान यांपासून दूर ठेवण्याचं ते साधन आहे. त्याच वर्षी तिच्या वृत्तपत्राचं कार्यालय जमावाने उद्ध्वस्त केलं. हिंसेचा समाजशास्त्रीय अभ्यास शिकवणाऱ्यांनी या पुस्तिका पद्धतीसाठी वाचायला द्याव्यात असं माझं ठाम मत आहे.

पण सगळ्याच जणी अशा चालतात असं धरू नका. हे-यिन झेन समोरच्याचं तत्त्व स्वीकारतच नाही. १९०७ मध्ये टोकियोतून निघणाऱ्या नियतकालिकात ती स्त्रीमुक्तीची बाजू घेणाऱ्या चिनी पुरुषांवरच संशय घेते: तुम्हाला देश सुधारलेला दिसायला हवा, कमावती बायको हवी, शिकलेली आई हवी. यात बायकांची मुक्ती कुठे? फिनलंडमध्ये स्त्रिया संसदेत निवडून आल्या तेव्हाही तिचा प्रश्न होता, की त्या वरच्या वर्गातल्या, त्यांच्या निवडीने कष्टकरी बाईचं काय बदललं? पोटासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहणं संपल्याशिवाय काही बदलत नाही, हे तिचं उत्तर. मार्टिनोच्या लगेच नंतर हिला वाचायला द्या, गटात हमखास दोन तट पडतात.

गौरव थोडा कमी करा

पाचव्या ओळीचा आग्रह का, ते सांगते. ॲस्टेलची वरची वाक्यं वाचून तिला लोकशाहीवादी ठरवण्याचा मोह होतो. ती राजनिष्ठ होती, इंग्लंडच्या चर्चची कट्टर समर्थक होती. लग्न झालेल्या बाईने बंड करावं असं तिने म्हटलेलं नाही. लग्न म्हणजे मालक निवडणं, तेव्हा करण्याआधी दहादा विचार करा, असा तिचा सूर आहे. तिचं हे रूप लपवलं तर युक्तिवादाची धारच जाते, कारण राजाविरुद्ध बंड करून घरात राजे होणाऱ्यांना ती कोपऱ्यात पकडत होती.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत सालं बघा. १८८२ च्या 'स्त्री धर्मनीति'मध्ये त्या बायकांनाच सुधारण्याचा उपदेश करतात, कधी कधी फार कडक शब्दांत. १८८७ च्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरच्या इंग्रजी पुस्तकात रोख पूर्ण बदललेला आहे. तिथे बालविवाह, वैधव्य, धर्मशास्त्र आणि कायदा यांची एक व्यवस्था म्हणून चिकित्सा आहे. आणि १८८९ मध्ये मराठीत अमेरिकेबद्दल लिहिताना त्या एका वसाहतीतली बाई होऊन पाश्चात्त्य समाजाचं परीक्षण करतात. एकच पुस्तक वाचून रमाबाईंवर निकाल देणं म्हणजे सात वर्षांची त्यांची वाटचाल पुसणं. विचार बदलला कुठे आणि का, हा प्रश्न आपण मार्क्सच्या बाबतीत तरुण आणि प्रौढ असे भाग पाडून विचारतो. तोच मान रमाबाईंनाही द्या.

सुट्या अवतरणांपासूनही सावध राहा. कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका ॲना ज्युलिया कूपर गुलामगिरीत जन्मल्या आणि त्यांनी १९२५ मध्ये पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. स्वातंत्र्य हे कुठल्या एका वंशाचं किंवा पंथाचं नसून मानवजातीचं आहे, अशा आशयाचं त्यांचं वाक्य अमेरिकेच्या पासपोर्टच्या एका आवृत्तीत छापलेलं आहे. लाखो लोक ते खिशात घेऊन फिरतात. १८९२ मधलं त्यांचं पुस्तक मात्र गोऱ्या स्त्रियांच्या चळवळीला आणि कृष्णवर्णीय पुरुष पुढाऱ्यांना, दोघांनाही जाब विचारतं. वरच्या चार जणांची प्रगती म्हणजे समाजाची प्रगती नव्हे, कृष्णवर्णीय स्त्री सन्मानाने जिथे पोचेल तिथेच तिचा समाज पोचला असं म्हणता येईल, हे त्यातलं माप आहे. पासपोर्टवरच्या वाक्याने कोणी अस्वस्थ होत नाही, या मापाने होतं.

तिला बसवायचं कुठे

शिक्षक असाल तर 'स्त्रीवादी विचार' असं शेवटचं प्रकरण करून सगळ्यांना त्यात कोंबू नका. सत्र संपता संपता ते घाईत उरकलं जातं किंवा ऐच्छिक होतं. हक्कांचा पाया शिकवताना बर्कच्या शेजारी मॅकॉली. सत्ता आणि संमती शिकवताना ॲस्टेल. अभिव्यक्तिस्वातंत्र्यात गूजचं अकरावं कलम. धर्म आणि अधिकार यांत मुक्ताबाई. संशोधनपद्धतीत मार्टिनो आणि वेल्स. कामगार संघटनेत फ्रेंच लेखिका फ्लोरा त्रिस्ताँ, जिने कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या पाच वर्षं आधी, १८४३ मध्ये, सगळ्या कामगारांच्या एकाच संघाची योजना छापली आणि त्यात स्त्री कामगारांच्या हक्कांना स्वतंत्र प्रकरण दिलं. परीक्षेत प्रश्न विचारताना "योगदान स्पष्ट करा" असं विचारू नका, त्याचं उत्तर चरित्रच येतं. "मॅकॉलींच्या आक्षेपाला बर्क काय उत्तर देऊ शकला असता?" असं विचारा.

एकटे वाचत असाल तर मुक्ताबाईंपासून सुरू करा, निबंध एका बैठकीत होतो आणि भाषा आपली आहे. मग दोन्ही जाहीरनामे, पेन्सिल घेऊन. त्यानंतर ताराबाई, आणि त्यांच्या लगेच मागे वेल्स, कारण दोघींच्याही समोर एकच प्रश्न होता: एका माणसाच्या गुन्ह्याचं खापर अख्ख्या समूहावर कसं फोडलं जातं. ग्रुशीची पत्रं सावकाश वाचायची, स्मिथची थोडी पानं आधी चाळून. हे-यिन झेन शेवटी ठेवा, तोवर तिच्याशी भांडायला तुमच्याकडे पुरेशी पानं भरलेली असतील.